मुलीला रग्बी खेळायचंय? खर्च नेमका कुठे होतो ते आधी पाहा

27 सप्टेंबर 2025 रोजी लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर महिला रग्बी विश्वचषकाची अंतिम लढत झाली. इंग्लंडनं कॅनडाला 33-13 असं हरवलं आणि ते पाहायला 81,885 माणसं मैदानात बसली होती. मोबाइलवर तो सामना पाहणाऱ्या आपल्याकडच्या एखाद्या मुलीच्या मनात आलंच असेल, मला जमेल का हे? आणि तिच्या आईच्या मनात लगेच पुढचा प्रश्न: याला पैसे किती लागतात?

थोडक्यात सांगायचं तर रग्बी उतरायला स्वस्त आहे, सावरायला महाग. बॅट, पॅड, रॅकेट, कोर्टाचं भाडं यातलं काहीच नाही. चेंडू क्लबचा, मैदान क्लबचं. पण गुडघा आपला. म्हणून या लेखात बुटांपेक्षा विम्याबद्दल जास्त लिहिलंय, आणि ते मुद्दाम. पुढच्या सगळ्या किमती पुण्या-मुंबईच्या बाजारातल्या ढोबळ किमती आहेत, थोड्या मागेपुढे होतील.

हा खेळ मुलींसाठी आपल्याकडे अगदीच नवा नाही. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 2009 मध्ये झाली ती पुण्यात. त्याच वर्षी भारताच्या मुली थायलंडमध्ये पहिली आंतरराष्ट्रीय सेव्हन्स, म्हणजे सात जणींच्या संघाची, स्पर्धा खेळल्या. पंधरा जणींचा संघ 2018 मध्ये सिंगापूरला उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी फिलिपिन्समध्ये सिंगापूरला 21-19 नं हरवून पहिला विजय घेऊन आला. भारताचं कर्णधारपद सांभाळलेली वाहबिझ भरूचा पुण्याची, पेशानं फिजिओथेरपिस्ट. ओडिशाच्या आदिवासी भागातल्या, बिहारमधल्या, कोलकात्याच्या वस्त्यांमधल्या मुलींनी हा खेळ वर आणलाय. जिमखान्याचं सभासदत्व असणाऱ्यांचाच हा खेळ, हा समज मुलींच्या बाबतीत तरी सोडून द्या.

क्लब निवडताना

फी जागेगणिक बदलते. जिल्हा संघटनेच्या किंवा सामाजिक संस्थेच्या मैदानावर ती नाममात्र असते, कधी नसतेच. खासगी अकादमीत महिन्याला हजार-दोन हजार. पण फीवरून क्लब ठरवू नका. पहिले तीन-चार सराव पैसे न भरता करू द्या, असं सरळ सांगा. चांगला क्लब नाही म्हणत नाही.

त्या तीन-चार दिवसांत चार गोष्टी बघा. मुलींसाठी स्वच्छतागृह आणि कपडे बदलायला आडोसा आहे का? सराव किती वाजता सुटतो, आणि त्या वेळी रिक्षा किंवा बस मिळते का? प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे आणि ती कुणाला वापरता येते? चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: नव्या मुलीला पहिल्याच आठवड्यात धडकेत उतरवतात का? उतरवत असतील तर दुसरा क्लब शोधा, फी माफ असली तरी.

पडायला शिकवणं हीच खरी फी

आपल्याकडे रग्बीत येणाऱ्या बऱ्याच मुली कबड्डी, खो-खो किंवा धावण्याच्या शर्यतींतून आलेल्या असतात. अंगात चपळाई असते, धडकेची भीती कमी असते. ही जमेची बाजू. पण कबड्डीची पकड आणि रग्बीचा टॅकल यांत फरक आहे. कबड्डीत चढाईला आलेलीचा घोटा धरून तिला थांबवलं की झालं, मदतीला बाजूच्या दोघी असतात. रग्बीत समोरची पूर्ण वेगानं धावत येते आणि तुम्ही बहुधा एकट्या असता. डोकं तिच्या मागच्या बाजूला, गाल तिच्या कमरेला चिकटलेला, दोन्ही हात मांड्यांभोवती आवळलेले, पाय तिच्या जवळ टाकलेला. डोकं चुकून तिच्या समोर आलं की तिचा गुडघा नाही तर कंबर थेट कानशिलावर बसते. हे शरीरात भिनायला काही आठवडे लागतात: आधी दोन्ही गुडघ्यांवर बसून, मग एक गुडघा टेकून, मग उभं राहून, मग चालत, शेवटी पळत.

मुलींच्या बाबतीत याला जास्त महत्त्व आहे, आणि कारण सरळ आहे. मुलगे लहानपणापासून मारामारीच्या खेळात पडत-लोळत वाढतात; मुलींना आपण पडू देत नाही. वेल्समधल्या स्वानसी विद्यापीठात खेळाडूंच्या माउथगार्डमध्ये सेन्सर बसवून अभ्यास झाला. त्यात असं दिसलं की पुरुषांना डोक्याचा मार प्रामुख्यानं दुसऱ्या खेळाडूशी टक्कर होऊन बसतो, तर महिलांच्या बाबतीत पडताना मानेला हिसका बसून डोकं जमिनीवर आपटण्याचं प्रमाण मोठं असतं. म्हणजे हनुवटी छातीला लावून, चेंडू पोटाशी घेऊन, आधी खुबा आणि मग खांदा टेकत कसं पडायचं हे जो प्रशिक्षक महिनाभर घोटून घेतो, तो फीपेक्षा कितीतरी जास्त परत देतो.

यातलं बरंच फुकट मिळतं. वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेनं नव्यानं येणाऱ्या मुली-बायकांसाठी ‘कॉन्टॅक्ट कॉन्फिडंट’ नावाचा ऑनलाइन अभ्यासक्रम ठेवलाय. दुखापत टाळण्यासाठी ‘अ‍ॅक्टिव्हेट’ नावाचा वॉर्म-अप आहे, साधारण वीस मिनिटांचा: एका पायावर तोल, उडी मारून गुडघा आत न वळवता जमिनीवर येणं, मानेचे व्यायाम. क्लब आठवड्यातून दोन-तीनदा हा नेमानं करून घेत असेल तर दुखापती ठळकपणे कमी होतात. तुमच्या क्लबला तो माहीत नसेल तर मोबाइलवर दाखवा. याच संघटनेनं व्यावसायिक खेळाडूंसाठीसुद्धा पूर्ण ताकदीच्या धडकेचा सराव आठवड्याला 15 मिनिटांच्या वर नको असं सुचवलंय. ‘आमच्याकडे रोज तासभर टॅकल असतो’ असं कुणी अभिमानानं सांगितलं तर तो मोठेपणा समजू नका.

सामान: कुठे पैसे घालायचे, कुठे वाचवायचे

पहिली खरेदी माउथगार्ड. गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा साधा माउथगार्ड तीनशे ते सहाशे रुपयांत मिळतो. तो नीट बसवला तर पुरतो. घाईनं बसवला तर खेळताना सैल होतो, मुलगी तो मोज्यात खोचून ठेवते आणि पैसे वाया. पाणी उकळून आच बंद करा, मिनिटभर थांबा, पाकिटावर सांगितलेल्या सेकंदांपुरताच माउथगार्ड पाण्यात धरा. क्षणभर थंड पाण्यात बुडवून वरच्या दातांवर बसवा, घट्ट चावा, ओठ मिटून हवा ओढून घ्या आणि बाहेरून बोटांनी हिरड्यांच्या बाजूनं दाबा. तोंड उघडल्यावर खाली पडला तर पुन्हा करा. दातांना तारा असतील तर मात्र हा वापरू नका. दंतवैद्याकडून साच्याचा करून घ्या, अडीच ते पाच हजारांत होतो. पुढचा एक दात गेला तर इम्प्लांटला पंचवीस हजारांपासून पुढे लागतात, हे लक्षात ठेवा. दात मुळासकट निखळला तर तो मुळाला न धरता वरच्या भागाला धरून दुधात ठेवा आणि तासाभरात दंतवैद्य गाठा. मैदानाजवळ दूध कुठे मिळतं हे कुणाला तरी ठाऊक असू द्या.

बूट फुटबॉलचे चालतात, दीड ते तीन हजारांत. खास रग्बीचे धातूच्या स्टडचे बूट घेऊ नका. आपली मैदानं पावसाळा सरला की दगडासारखी होतात. लांब स्टड अशा जमिनीत रुतत नाहीत, पाय मुरगळतो. आखूड, बुटातच घडवलेले रबरी स्टड घ्या. कुणाचे वापरलेले मिळाले तर टाच आतून दबली नाहीये ना, तेवढं पाहा.

स्पोर्ट्स ब्रावर कंजुषी नको. दोन लागतात, प्रत्येकी हजार-बाराशेची. तार किंवा धातूचा हूक नको. पट्ट्याखाली दोन बोटं जातील, मूठ जाणार नाही, इतपत घट्ट हवी. दुकानाच्या ट्रायल रूममध्ये उड्या मारून बघा, लाजू नका. नियमांनुसार महिलांना छातीवर मऊ पॅड, शॉर्ट्सखाली लांब टाइट्स आणि डोक्याला स्कार्फ चालतो. ‘शॉर्ट्स घालावी लागते’ एवढ्यावरून घरी विषय अडला असेल तर टाइट्स परवानगीतल्या आहेत, हे सांगता येतं. मात्र कानातलं, चमकी, अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र सगळं उतरवावं लागतं, पंच तपासतात. नाक नुकतंच टोचलं असेल तर छिद्र भरू लागेल, म्हणून टोचायचं असेल तर हंगाम संपल्यावर टोचा.

शॉर्ट्स गडद रंगाच्या घ्या. क्लबनं पांढऱ्या ठरवल्या असतील तर बदलायला सांगा. आयर्लंडच्या महिला संघानं 2023 मध्ये पाळीच्या काळजीपोटी पांढऱ्या शॉर्ट्स सोडून निळ्या घेतल्या. आंतरराष्ट्रीय संघाला जे बोलून दाखवावंसं वाटलं ते आपल्या क्लबात बोलायला संकोच कशाला?

डोक्याची मऊ टोपी, म्हणजे स्क्रम कॅप, अडीच हजारांच्या पुढे जाते. ती कान आणि कातडी वाचवते. कंकशन, म्हणजे आतून मेंदूला बसणारा धक्का, ती थांबवत नाही. पहिल्या वर्षी घेऊ नका.

गुडघा

आता मुख्य खर्च. पळता पळता दिशा बदलताना किंवा चुकीच्या कोनात पाय टेकल्यावर गुडघ्यातला एसीएल हा लिगामेंट फाटतो. बायकांमध्ये हे पुरुषांपेक्षा काही पटींनी जास्त घडतं. खूपदा कुणी धडकलेलंही नसतं. ‘टक्’ असा आवाज, काही तासांत सूज, आणि मग पायऱ्या उतरताना गुडघा दगा देतो. एमआरआय पाच ते आठ हजार. खासगी रुग्णालयात शस्त्रक्रिया दीड ते तीन लाख. त्यानंतर फिजिओथेरपी: एका वेळेचे पाचशे धरले आणि सहा-सात महिन्यांत पन्नास वेळा जावं लागलं तर पंचवीस हजार. मैदानात परतायला किमान नऊ महिने.

शस्त्रक्रियेचे पैसे विम्यातून मिळू शकतात, फिजिओचे बहुधा मिळत नाहीत. म्हणून पॉलिसी पाहताना तीन जागा वाचा.

एक, धाडसी खेळांचं कलम. ‘रग्बी म्हणजे धोकादायक खेळ, क्लेम मिळणार नाही’ असं एजंटही कधी सांगून टाकतात. विमा नियामकानं सर्व कंपन्यांना लागू केलेल्या प्रमाणित शब्दरचनेत हे कलम व्यावसायिक म्हणून खेळणाऱ्यांच्या उपचारांपुरतं आहे, आणि उदाहरणादाखल दिलेल्या यादीत गिर्यारोहण, राफ्टिंग, मोटार शर्यती, स्कूबा डायव्हिंग असे प्रकार येतात. आठवड्याला दोनदा हौसेनं क्लबात खेळणारी मुलगी व्यावसायिक नाही. पण स्पर्धेचं मानधन घ्यायला लागलात तर प्रश्न उभा राहू शकतो. कंपनीला आधीच ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरच्या शब्दाला किंमत नाही.

दोन, प्रतीक्षा काळ. नव्या पॉलिसीत पहिले 30 दिवस आजारांचा खर्च मिळत नाही आणि ठरावीक व्याधींसाठी एक-दोन वर्षं थांबावं लागतं, पण अपघातानं झालेल्या इजेला या दोन्ही अटी लागू नाहीत. त्यामुळे केसपेपरवर पहिल्याच दिवशी ‘अमुक तारखेला रग्बी खेळताना पडून इजा’ असं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं ‘गुडघेदुखी’ लिहिलं गेलं तर कंपनी जुनं दुखणं म्हणून बोट ठेवते. घरी रागावतील म्हणून ‘जिन्यावरून पडले’ असं डॉक्टरांना सांगणाऱ्या मुली असतात. तसं करू नका. खोटं कारण पुढे क्लेम बुडवतं.

तीन, आधीची दुखापत. शाळेत कबड्डी खेळताना गुडघा दुखावला असेल तर अर्जात लिहा. आधीच्या आजारासाठीची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त 36 महिने आहे. लपवलं तर सगळीच पॉलिसी धोक्यात येते.

नोकरी करणाऱ्या मुलीला कंपनीचा समूह विमा असेल तर तो बहुधा पहिल्या दिवसापासून चालतो. पगार महिना 21,000 पर्यंत असेल आणि ईएसआय कापला जात असेल तर त्या योजनेच्या दवाखान्यांची सोय वापरा. यातलं काहीच नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटून गुडघ्याची नेमकी कोणती शस्त्रक्रिया यादीत आहे ते विचारा. बँक खात्यातून वर्षाला 20 रुपये कापून जाणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घ्याच, पण ती मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे, लिगामेंटसाठी नाही. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून उठलाय; विशीतल्या मुलीला पाच लाखांचं संरक्षण वर्षाला सहा-सात हजारांत मिळायला हरकत नाही.

डोक्याला मार बसला तर

इथे पैशांचा विचार बाजूला. डोक्याला मार बसून मुलगी गोंधळली, तेच तेच विचारू लागली, मळमळलं, उजेड सहन होईना, तर त्या दिवसाचा खेळ संपला. ‘आता बरं वाटतंय’ हे उत्तर धरायचं नाही. उलट्या वाढल्या, डोकेदुखी चढत गेली, गुंगी आली तर सरळ रुग्णालय; सीटी स्कॅन दोन-तीन हजारांत होतो. ब्रिटनमध्ये हौशी खेळाडूंसाठी 2023 मध्ये नियमावली आली, तिच्यात सामन्यात परतण्याआधी किमान 21 दिवसांचं अंतर सांगितलं आहे. आपण तीच पाळावी. अंतिम सामना पुढच्या रविवारी असला तरी.

प्रवास, खाणं आणि घर

मुंबईत लोकलचा सेकंड क्लासचा पास हा सगळ्यात स्वस्त प्रवास. पुण्यात पीएमपीएमएल बसचा महिन्याचा पास 1500 रुपये. पण सराव संध्याकाळी उशिरा सुटला तर परतीची रिक्षा येतेच. एका बाजूला राहणाऱ्या तिघी-चौघींनी मिळून ती ठरवली तर पैसे वाचतात आणि घरचे निश्चिंत राहतात. सकाळचा सराव असलेला क्लब मिळाला तर हा खर्चच नाही.

खाण्यासाठी महागड्या पावडरींचे डबे नकोत. अंडी, चणे, शेंगदाणे, दूध, केळी, ज्वारीची भाकरी, डाळ हे जास्त प्रमाणात हवं, एवढंच. महिन्याला दीड हजार जास्तीचे धरा. हिमोग्लोबिन मात्र वर्षातून दोनदा तपासा. दम लागतो म्हणून स्वतःला कमी समजणाऱ्या कितीतरी मुलींना खरं तर लोह कमी पडत असतं, आणि तपासणी दोनशे रुपयांत होते.

आपल्याकडे मुली बहुतेक सेव्हन्स खेळतात: सात जणी, सात-सात मिनिटांचे दोन डाव. एका दिवसात तीन-चार सामने उरकतात, म्हणून स्पर्धा दोन दिवसांत संपते, पण प्रवास लांबचा. पुण्याहून कोणार्क एक्स्प्रेसनं भुवनेश्वर म्हणजे दीड दिवस. राहणं-जेवण धरून एका स्पर्धेला पाच-सहा हजार पडतात. निवड राज्याच्या संघात झाली असेल तर खर्च संघटना करते की मुलगी, हे निवडीच्या दिवशीच विचारा.

घरच्यांबद्दल एक. हातावर, दंडावर, नडगीवर काळेनिळे डाग येणार. लग्नाच्या बोलण्यांमध्ये त्या डागांचा विषय निघतो, हेही खरं. आईवडिलांना एकदा सराव पाहायला न्या. सामना नको, सराव. सामन्यात फक्त धडक दिसते. सरावात पडायला कसं शिकवतात, एकमेकींना कशा सांभाळतात, प्रशिक्षक कधी थांबवतो ते दिसतं.

वर्षाचा हिशेब

फी भरणाऱ्या, शहरात राहणाऱ्या, वर्षात दहा महिने खेळणाऱ्या मुलीचं पहिलं वर्ष असं बसतं: क्लब 10,000, दोन माउथगार्ड 1,000, बूट 2,500, दोन ब्रा 2,400, शॉर्ट्स-मोजे 1,500, टेप, बर्फाची पिशवी वगैरे 1,000, प्रवास 15,000, जास्तीचं खाणं 15,000, दोन स्पर्धा 12,000, विमा 7,000. एकूण 67,400. यातलं अंगावरचं सामान 8,400, म्हणजे साधारण आठवा हिस्सा. फी नसलेला क्लब आणि नोकरीतला विमा असेल तर 50,400 वर येतं. कमी करायचं असेल तर स्पर्धा एक करा, विमा तोडू नका.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांसाठी

तिथे शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी मुलींना गावोगावी महिला संघ सापडतील. नवख्यांसाठी इंग्लंडची रग्बी संघटना ‘इनर वॉरियर’ नावाची फुकट शिबिरं भरवत आलीय. तिथून सुरुवात करा. पुढे क्लबची महिन्याची वर्गणी साधारण एका रेस्टॉरंटच्या जेवणाएवढी. व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरलेलाच असतो, नोकरदारांना वर्षाला 1,035 पौंड, विद्यार्थ्यांना 776. त्यामुळे एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत शस्त्रक्रियेचे पैसे लागत नाहीत, रांग मात्र लांब असते. संघटनेचा सक्तीचा विमा गंभीर, कायमच्या इजेसाठी असतो. गुडघ्यामुळे बुडालेला पगार त्यात येत नाही, म्हणून तासावारी काम करणाऱ्या विद्यार्थिनींनी दोन महिन्यांचं भाडं बाजूला ठेवूनच टॅकलच्या सरावाला उतरावं. आणि परत यायचा विचार असेल तर भारतातली आरोग्य पॉलिसी बंद करू नका. नव्यानं घेतलीत तर तोवर झालेली दुखापत ‘आधीची’ ठरेल आणि प्रतीक्षा पहिल्या दिवसापासून मोजली जाईल.